टँकर भरण्याआधी : धोकादायक मालाच्या गाडीची गेटवरची तपासणी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर दोन रांगा लागतात. एक उसाची, तिच्याकडे अख्ख्या तालुक्याचं लक्ष असतं. दुसरी डिस्टिलरीच्या गेटवरची, इथेनॉल आणि स्पिरिट न्यायला आलेल्या टँकरची. तिच्याकडे बघणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो : हातात फॉर्म धरलेला लोडिंग सुपरवायझर, नाहीतर गेटवरचा सुरक्षारक्षक. हा लेख त्याच्यासाठी आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत ॲसिड, कॉस्टिक, फर्नेस ऑइल, एलपीजी उतरवून घेणाऱ्या स्टोअरवाल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच पक्की करू. टँकर तपासायचा तो रिकामा असताना. भरलेल्या टाकीला गळती सापडली तर तिथं वेल्डिंग करता येत नाही, व्हॉल्व्ह खोलता येत नाही. माल दुसऱ्या गाडीत घ्यायचा तर पंप, अर्थिंग, फोम, माणसं सगळं उभं करावं लागतं. तोच दोष रिकाम्या गाडीत सापडला तर ‘आज भरत नाही’ एवढं म्हटलं की काम होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३१ तर माल पाठवणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो : गाडीची नोंदणी वैध आहे ना, त्या मालासाठी ती सुरक्षित आहे ना, हे त्यानं बघायचं. त्यामुळं ‘गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, आम्हाला काय’ हे गेटवर चालत नाही.

गाडी उभी कुठं करायची

तपासणी लोडिंग बेच्या, म्हणजे टँकर भरायच्या जागेच्या, खाली नको. त्याच्या बरीच अलीकडं, सपाट, उजेडाची जागा ठरवा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी तपासणाऱ्याच्या हातात, चाकांना लाकडी ठोकळे. धोंडे लावायची सवय असेल तर ती मोडा. धोंडा निसटतो, आणि गाडी निघाल्यावर रस्त्यात तसाच पडून राहतो. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही खाली उतरलेले असावेत. क्लीनर केबिनमध्ये झोपलेला, वर स्टोव्हची पिशवी, ही गोष्ट अजूनही सापडते. स्टोव्ह, काडेपेटी, लायटर, विडी-तंबाखूचा डबा गेटवरच काढून ठेवा आणि परत जाताना द्या.

मोबाइलचंही तेच. अलीकडं मॅनहोलचा, म्हणजे टाकीच्या वरच्या झाकणाच्या तोंडाचा, फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची टूम निघाली आहे. उघड्या मॅनहोलवर वाकून साधा फोन चालवणाऱ्याला मी सुपरवायझर म्हणणार नाही. फोटो हवाच असेल तर झाकण बंद असताना, दूर उभं राहून काढा.

कागद : लवकर, पण डोळे उघडे ठेवून

कागदांवर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी यांच्या तारखा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पडताळता येतात. झेरॉक्सवर विसंबू नका. व्यापारी वाहनाचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं आणि त्यानंतर दरवर्षी असतं. त्यामुळं जुन्या गाडीच्या कागदावर दोन वर्षांची मुदत दिसली तर थांबा.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीला पेसोचा, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. एलपीजी, अमोनिया असे दाबाखालचे वायू नेणाऱ्या टाक्यांना २०१६ चे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम लागू आहेत. या टाक्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी जास्तीत जास्त पाच वर्षांनी व्हायलाच हवी. वायू विषारी किंवा गंजवणारा असेल तर दोन वर्षांनी. इथं फक्त प्रमाणपत्र बघून भागत नाही. टाकीवर ठोकलेल्या पट्टीवरचा टाकीचा नंबर आणि प्रमाणपत्रावरचा नंबर जुळवून बघा. चेसी बदलली, टाकी तीच ठेवली, नाहीतर टाकी बदलून कागद जुना ठेवला, असे प्रकार नंबर जुळवल्याशिवाय उघडे पडत नाहीत.

ड्रायव्हर

लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद असली पाहिजे. तिच्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं, आणि मोटार वाहन नियमांतल्या नियम ९ प्रमाणं ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. खरी तपासणी मात्र लायसन्स बघून होत नाही. केबिनमधलं ट्रेम कार्ड, म्हणजे त्या मालाचे धोके आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, काढायला सांगा आणि विचारा, “मामा, यात काय भरणार आज? सांडलं तर पहिलं काय करायचं?”

उत्तर पाठ असायला नको, पण यायला हवं. आपल्याकडं निपाणी-बेळगावकडचे ड्रायव्हर बरेच येतात. त्यांच्या हातात मराठी कार्ड ठेवून काय उपयोग? कन्नड आणि हिंदी प्रती गेटवर ठेवा. ‘मागच्या खेपेचंच कार्ड आहे साहेब’ असं म्हणून कोणी ॲसिडचं कार्ड दाखवलं, तर गाडीबद्दलही सावध व्हा. त्या टाकीत याआधी काय होतं, याचं उत्तर तिथंच मिळालं.

तीन बाजूंची पाटी

नियम १३४ प्रमाणं आपत्कालीन माहितीची पाटी दोन्ही बाजूंना आणि मागं, अशी तीन ठिकाणी हवी. मालाचं तांत्रिक नाव किमान ५० मिमी उंचीच्या अक्षरात, यूएन क्रमांक (मालाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय आकडा) किमान १०० मिमी उंचीचा, धोक्याच्या वर्गाचं चौकटीतलं चिन्ह किमान २५० मिमीचं, आपत्कालीन सेवेचा फोन आणि माल पाठवणाऱ्याचा फोन. इथेनॉलला १११७० नव्हे, ११७०. पेट्रोलला १२०३, एलपीजीला १०७५, सल्फ्युरिक ॲसिडला १८३०, हायड्रोक्लोरिकला १७८९. पेंटर एखादा आकडा वाढवतो किंवा गाळतो, आणि पुढं कोणी तो वाचतच नाही.

दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, मागची पाटी चिखलानं किंवा डिझेलच्या काजळीनं झाकलेली असते. दुसरी, पाटीवरचा फोन बंद असतो. तो नंबर तिथल्या तिथं लावून बघा. रात्री दोन वाजता फायर ब्रिगेडचा माणूस तोच नंबर लावणार आहे.

पाटीवर हॅझकेम कोड, म्हणजे आपत्तीत काय करायचं ते थोडक्यात सांगणारा आकडा-अक्षरांचा संकेत, असेल तर त्याचा पहिला आकडा अग्निशमनासाठी असतो : १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फोम, ४ कोरडी पावडर. शेवटी ई असेल तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. एवढं तरी गेटवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ असावं.

खालून एक फेरी

आता गाडीभोवती फिरा, नेहमी एकाच दिशेनं, म्हणजे काही सुटत नाही. टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी नको, जोडचाकांमध्ये दगड अडकलेला नको, स्टेपनीत हवा हवी. स्प्रिंगच्या पाट्यांची पानं तुटलेली, यू-बोल्ट ढिले, हे वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. टाकी चेसीला जिथं बसवली आहे तिथल्या वेल्डिंगवर टॉर्च मारा, टॉर्च फ्लेमप्रूफ, म्हणजे बाहेरची वाफ पेटवणार नाही असा, असू दे. रंगावर केसासारखी बारीक रेघ आणि तिच्या कडेला गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर ती भेग आहे. नुकताच रंग मारलेला पट्टा दिसला तर आणखी जवळून बघा. फिटनेसच्या आधी रंग मारून भेग झाकतात.

ब्रेकसाठी हवेचा दाब पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरायला सांगा आणि काट्याकडं बघा. काटा डोळ्यांदेखत खाली सरकत असेल तर हवा कुठंतरी गळते आहे. आंबा घाट किंवा करूळचा घाट उतरणाऱ्या गाडीला ही तपासणी सोडून देणं म्हणजे जुगार. एक्झॉस्ट ब्रेक चालतो ना तेही विचारा. हवेच्या टाक्यांतलं पाणी काढलं आहे का, हा प्रश्न पावसाळ्यात आवर्जून विचारा.

सायलेन्सरला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर नियमानंच बंधनकारक आहे. तो नुसता बसवलेला नको, आतली जाळी शाबूत हवी. बॅटरीवर झाकण आणि हाताला येईल असा कट-ऑफ स्विच हवा. तो दाबून दाखवायला सांगा. पार्किंग लाइट विझले नाहीत तर वायरिंगमध्ये कोणीतरी ‘जुगाड’ करून ठेवलं आहे. टेपनं गुंडाळलेले जोड, टाकीवरून गेलेली मोकळी वायर, मागच्या बाजूला हौसेनं लावलेली रंगीत एलईडीची माळ : हे सगळं काढल्याशिवाय गाडी आत घेऊ नका. आग विझवायचं साधन केबिनमध्ये एक आणि टाकीजवळ मोठं एक, साधारण १० किलोचं डीसीपी, म्हणजे कोरड्या पावडरचं. काटा हिरव्यात आहे का, सील तुटलेलं नाही ना, आणि ब्रॅकेटमधून ते झटक्यात निघतं का? साखळी-कुलूप लावलेला सिलिंडर चोरीपासून वाचतो, आगीपासून कोणाला वाचवत नाही.

वर चढून : मॅनहोल, गॅस्केट, व्हेंट

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. शिडीचे दांडे आणि वरची जाळी आधी हातानं हलवून बघा, मग वजन टाका. पडण्यापासून संरक्षण नसलेल्या गाडीवर चढू नका. लोडिंग बेच्या प्लॅटफॉर्मवरून तपासा.

मॅनहोलच्या झाकणाची गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी चकती, बोटानं दाबा. चांगली गॅस्केट दबते आणि परत उठते. कडक झाली असेल, चिरा पडल्या असतील, किंवा झाकण बंद केल्यावर एका बाजूला कागदाची पट्टी सहज ओढता येत असेल, तर ती बदलायला हवी. इथं सापडणारा नेहमीचा प्रकार म्हणजे ट्रकची जुनी ट्यूब कापून केलेली गॅस्केट. पेट्रोलमध्ये ट्यूबचं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी उलटली तर सगळ्यात आधी तिथूनच माल बाहेर येतो. ड्रायव्हर म्हणेल, “साहेब, वर्षभर हीच आहे, थेंब नाही पडला.” उभ्या गाडीतून पडणारच नाही. गॅस्केट लागते ती गाडी कलंडल्यावर. ट्यूबवर एम-सील थापलेलं असेल तर बोलायचं कारणच नाही, गाडी परत.

झाकणाचे सगळे बोल्ट जागेवर आहेत का मोजा. व्हेंटमध्ये, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या तोंडात, मधमाशीचं पोळं, चिंधी किंवा रंगाचा थर नसावा. व्हेंट चोंदला तर माल उतरवताना टाकीत पोकळी तयार होऊन पत्रा आत ओढला जातो. एलपीजीच्या टाकीला व्हेंटऐवजी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याची तपासणी दरवर्षी झालेली हवी, आणि त्याच्या नळीवर पावसाचं टोपण हवं, नाहीतर पाणी साचून तो अडकतो.

आता आतला प्रश्न. ‘टाकी रिकामी आहे’ या वाक्यावर कधीही विश्वास ठेवू नका. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के असेल तर पेट घेऊ शकते. ३० अंश तापमानाला, म्हणजे आपल्याकडच्या साध्या दुपारी, थोडं इथेनॉल तळाशी राहिलेल्या बंद टाकीतली वाफ १० टक्क्यांच्या आसपास भरते, बरोबर त्या पट्ट्याच्या मध्यावर. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ बहुतेक वेळा इतकी दाट असते की आत पेटायला हवाच पुरत नाही. म्हणून या बाबतीत इथेनॉलची ‘रिकामी’ टाकी पेट्रोलच्या टाकीपेक्षा जास्त घातक. त्यातून इथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.

म्हणूनच आत डोकावताना श्वास रोखून, वाऱ्याकडं पाठ करून बघायचं, आणि आत उतरायचं नाही. तळाशी चिखल दिसतो, काठी पडली आहे, कसलंही कारण असो, गेटवरचा माणूस टाकीत उतरत नाही. मळीच्या टँकरलाही हाच नियम. मळी काही धोकादायक मालाच्या यादीत नाही, पण आंबायला लागली की टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही वर येत नाही. उतरायचंच असेल तर गॅस मोजून, परवाना काढून, बाहेर माणूस उभा करून, त्या कामाच्या जाणकाराकडून.

मागचा माल कोणता होता हे लेखी घ्या. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड साध्या पोलादी टाकीत नेता येतं. पण तीच टाकी पाण्यानं विसळली तर राहिलेलं ॲसिड पातळ होतं, पत्रा खातं आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रोक्लोरिकला तर साधं पोलाद चालतच नाही, आतून रबर किंवा एफआरपीचं (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचं) अस्तर लागतं. अस्तर कुठं फुगलं आहे का, हे मॅनहोलमधून दिसतं तेवढं तरी बघा.

खालचे व्हॉल्व्ह

प्रत्येक कप्प्याला आतला, तळाशी बसवलेला फूट व्हॉल्व्ह आणि बाहेरचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह, असे दोन अडथळे हवेत. बरेच ड्रायव्हर फूट व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवतात आणि सगळा भार बाहेरच्या नळावर टाकतात. माल उतरवताना तेवढंच एक काम वाचतं. बाहेरचा नळ मात्र कोणाच्याही धडकेनं तुटू शकतो. जयपूर-अजमेर महामार्गावर २० डिसेंबर २०२४ ला पहाटे वळणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली, टाकी फुटली नाही, नोझल तुटले आणि वायू पसरून पेटला. त्यामुळं नळांभोवतीचं संरक्षक कडं वाकलेलं किंवा कापलेलं असेल तर ती किरकोळ बाब समजू नका.

फूट व्हॉल्व्ह बसतो का ते असं बघता येतं. भरायला सुरुवात केल्यावर थोडासाच माल घेऊन पंप थांबवा. फूट व्हॉल्व्ह बंद करा, अर्थ केलेली धातूची बादली खाली धरून बाहेरचा नळ उघडा. पाइपमधला माल बादलीत येईल आणि धार थांबेल. थेंब थेंब चालूच राहिले तर फूट व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा आहे किंवा सील गेलं आहे. एवढ्या टप्प्यावर माल परत घेणं सोपं असतं, म्हणूनच ही चाचणी सुरुवातीला. दूरवरून ओढायचा आपत्कालीन लिव्हर मात्र भरण्याआधीच, कोरडा, एकदा ओढून बघा. गंजून जाम झालेले लिव्हर थोडेथोडके नसतात.

एलपीजीचे जोड साबणाच्या पाण्यानं तपासायचे. नाकावर विसंबू नका, आणि वायू हवेपेक्षा जड असल्यानं गटार, खड्डा, वजनकाट्याचा खंदक इथं आधी बघा.

अर्थिंग, भरणं, वजन

अर्थिंगची क्लिप रंगावर लावून उपयोग नाही, स्वच्छ धातूवर लागली पाहिजे, आणि ती पाइप जोडायच्या आधी लावायची, काढायची सगळ्यात शेवटी. वरून भरत असाल तर पाइपचं टोक तळाजवळ हवं. उंचावरून पडणारी धार स्थिर वीज तयार करते. भरून झालं की लगेच डिप रॉड (पातळी मोजायची काठी) घालू नका, काही मिनिटं थांबा.

वजनाचा हिशेब कप्प्याच्या लिटरवर करू नका. १० हजार लिटर इथेनॉल ८ टनांच्याही आत बसतं. तेवढ्याच सल्फ्युरिक ॲसिडचं वजन १८ टनांच्या वर जातं. टाकीत जागा उरली म्हणून भरत गेलात तर चेसी आणि ब्रेक दोन्ही हरतात. उलट बाजूनं, अर्धवट भरलेला कप्पा घाटात माल हिंदकळवतो आणि वळणावर गाडी कलंडवतो. कप्पे भरायचे तर ठरलेल्या पातळीपर्यंत, वर फुगायला जागा ठेवून. एलपीजीची टाकी साधारण ८५ टक्क्यांच्या पुढं भरत नाहीत.

भरून झाल्यावर पुन्हा एक फेरी मारा. झाकणं, टोप्या, सील, खाली थेंब. उत्पादन शुल्काच्या किंवा कंपनीच्या सीलचे नंबर कागदाशी जुळतात का बघा. सील असलं म्हणजे झाकण घट्ट आहे असं नाही, ही गल्लत फार होते.

रस्ता

नियम बघून झाले, आता जिल्हा बघा. हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यामुळं शक्यतो गाडी उजेडात सोडा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारल्याशिवाय सोडू नका : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक काही दिवस बंद होती. शेकडो गाड्यांच्या रांगेत, स्टोव्ह पेटवून बसलेल्या ड्रायव्हरांच्या मधोमध इथेनॉलचा टँकर अडकणं टाळायचं असेल तर तो कारखान्याच्या आवारातच बरा.

ड्रायव्हरला एवढं सांगून ठेवा : गळती किंवा अपघात झाला तर वस्तीपासून आणि गटारापासून दूर, इंजिन बंद, कट-ऑफ दाबायचा, ट्रेम कार्ड घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला जायचं, ११२ ला फोन. नियम १३६ प्रमाणं जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं त्याचं काम आहे. आगीसाठी बोलावताना ‘इथेनॉल’ हा शब्द स्पष्ट सांगायचा, कारण साधा फोम इथेनॉलवर टिकत नाही, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो.

परत पाठवायची गाडी

गाडी परत पाठवायची ठरली की भांडत बसू नका. एक छापील चिठ्ठी ठेवा : गाडीचा नंबर, तारीख-वेळ, दोष एका ओळीत, कोणी बघितला त्याची सही, ड्रायव्हरची सही. एक प्रत ड्रायव्हरला, एक ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला, एक गेटच्या फाइलला. तीच गाडी दुरुस्त होऊन परत आली की जुनी चिठ्ठी समोर ठेवूनच तपासायची, आणि तो दोष आधी बघायचा. डिस्पॅचवाला फोनवर ‘आजचं टार्गेट’ सांगेल. त्याला चिठ्ठीवर स्वतःच्या सहीनं ‘भरा’ असं लिहून पाठवायला सांगा.